मोटारीभोवतीची मोकळी जागा

१२ नोव्हेंबर १९४६, मंगळवार

मोटार आली. भिवपुरीच्या पावरहाउसातला गोरा साहेब विलायतेला परत चालला, त्याची जुनी मॉरिस मी घेतली. भातगिरणीचा मालक पायी हिंडतो हे बरं दिसत नव्हतं. आमच्या आगरी समाजात कर्जत तालुक्यात स्वतःची मोटार असलेला बहुधा मीच पहिला. खात्री करायला हवी, पण कोणाला विचारलं तर तो दुसरं नाव सांगायचा.

साहेबाने किल्ली देताना एकच गोष्ट सांगितली. म्हणाला, शेट, मोटार कोणीही हाकतो. शहाणा माणूस मोटारीभोवतीची मोकळी जागा हाकतो. पुढे जागा, मागे जागा, दोन्ही बाजूंना जागा. जागा असली की वेळ मिळतो आणि वेळ मिळाला की जीव वाचतो.

ऐकून अंगावर काटा आला. याला म्हणतात शास्त्र! आमच्या लोकांना हाकायचं ठाऊक आहे, जागेचं कोणालाच नाही.

आईने मोटारीला कुंकू लावलं. बायकोने, येसूने, नारळ फोडला. फुटला तो नेमका बॉनेटच्या कडेवर, पोचा पडला. हरकत नाही.

निश्चय: आजपासून मोटारीभोवती चारी बाजूंनी मोकळी जागा. काहीही होवो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

एकट्याने पहिली फेरी. शिकवलं मेव्हण्याने, म्हणजे येसूचा भाऊ जैतू, त्याने. तो स्वतः लॉरी चालवतो. लायसन्सची परीक्षा मी मोटार यायच्या आधीच पहिल्या दमात पास झालो. त्या दिवशी रस्ता रिकामा होता. रिकाम्या रस्त्यावर माझ्याइतका चांगला ड्रायव्हर सापडणार नाही.

आज रस्ता रिकामा नव्हता. पुढे पेंढ्याची गाडी होती. शास्त्राप्रमाणे तिच्या मागे भरपूर जागा सोडली. त्या जागेत दुसरी बैलगाडी घुसली. तिच्या मागे पुन्हा जागा सोडली, तर त्यात दुधाच्या किटल्यांचा सायकलवाला शिरला. त्याला जागा दिली तेवढ्यात लग्नाचं सामान घेऊन निघालेल्या बायका आल्या, डोक्यावर टोपल्या, गप्पा जोरात. मी जागा सोडत गेलो, लोक भरत गेले. शेवटी लक्षात आलं की स्टेशनाकडे निघालेलो मी मागे मागे सरकत आमच्या गिरणीच्या दारात परत आलो आहे.

कमळ्या (गिरणीवरचा माणूस) म्हणाला, "शेट, लवकर आलात!"

त्याला शास्त्र काय कळणार. हात घामाने ओले झाले होते. नोव्हेंबरचं ऊन फार कडक असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुढची जागा आपल्या हातात असते. मागची नसते. हे साहेबाने सांगितलं नव्हतं.

पळसदरीच्या वाटेवर आरशात पाहिलं तर आरशात रस्ताच नाही. नुसती लॉरीची जाळी, दात विचकल्यासारखी. लॉरी जैतूची. हात लांब केला असता तर लागला असता. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. मी कमी केला, त्यानेही केला. एकवीरा आईचं नाव तोंडात आलं ते सवयीने.

बाजूला घेऊन थांबलो, म्हटलं जाऊ दे पुढे. तर तोही थांबला. उतरून धावत आला.

"काय जालं, भावजी? मोटार बिघडली का?"

मी त्याला मागच्या जागेचं महत्त्व नीट समजावून सांगितलं. त्याने मान डोलावून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पन भावजी, तुमी नवीन हाव. तुमच्या मागं मी नाय र्‍हायलो तर कोन र्‍हानार?"

अडाणी माणसाला प्रेमही धड करता येत नाही. रात्री जेवण गेलं नाही. वांगी होती, मला वांगी सोसत नाहीत.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज बाजूची जागा. ओढ्यावरच्या मोरीपाशी समोरून पॅसेंजर लॉरी आली, टपावर माणसं, माणसांच्या हातात कोंबड्या. मी डावीकडे जागा दिली. मग वाटलं आणखी थोडी द्यावी. मग आणखी थोडी.

भात कापून झालं आहे हे बरं. शेतात चारी बाजूंना भरपूर मोकळी जागा मिळाली.

मोटार बैल लावून काढली. शेतवाल्याने विचारलं, मोरी मोठी होती, दोन लॉर्‍या जातात, मग इकडं कशापाई उतरलात? मी म्हणालो, शेत बघायला. त्याने खरं धरलं असावं, कारण तो नंतर नुसता बैलांकडे बघत राहिला.

मी डोळे मिटले होते हे येसूला सांगितलेलं नाही. डोळ्यांत धूळ गेली होती.

निश्चय: उद्यापासून तोंडाला आणि नाकाला फडकं बांधून मोटार चालवायची.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या जागेवर तोड काढली. मागच्या बाजूला बोरीची काटेरी फांदी बांधली. जो जवळ येईल त्याचं तोंड ओरबाडेल.

लॉरीवाले लांब राहिले की नाही ते कळलं नाही. शेळ्या मात्र आल्या. बोरीचा पाला बघून अख्खा कळप मोटारीमागे लागला, कळपामागे शेळीवाला, त्याच्यामागे त्याची म्हातारी शिव्या देत. मी वेग वाढवू शकलो नाही, कारण पुढे जागा ठेवायची होती. अशी वरात कर्जतच्या बाजारातून गेली. दुकानदार उठून उभे राहिले. त्यांनी नमस्कार केला की आणखी काही, ते फडक्यामुळे नीट दिसलं नाही.

फांदी काढून टाकली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मोठी कल्पना! पाटी! साहेबांच्या देशात सगळं पाट्यांवर चालतं.

गजा पेंटरला बोलावलं. गेल्या सालच्या देवीच्या साथीत सरकारी पाट्या त्यानेच रंगवल्या होत्या. हात बसलेला आहे. त्याला म्हटलं, मोटारीच्या मागे आणि दोन्ही दारांवर, लाल रंगात, लांबून वाचता येईल असं लिही: दूर राहा. साथीत काढलीस तशीच ठळक अक्षरं हवीत. वर एक लाल झेंडाही लाव.

गजाने विचारलं, "आत कोन हाय, शेट?"

मी म्हणालो, सध्या मीच. पुढे येसू, मुलगी सुंदरा, आई, सगळं कुटुंबच असणार.

काम इतक्या झटपट उरकलं की बघत राहिलो. शेवटच्या अक्षराचा काना सुकायच्या आत गजा पसार. ब्रशही इथेच टाकून गेला. उद्या पाठवून देतो असं ओरडून सांगितलं, तर लांबूनच म्हणाला, "नको, नको, र्‍हाऊ द्या." भला माणूस.

जैतू पेंढ्याच्या फेर्‍यांसाठी कल्याणकडे गेला आहे. परत येईल तेव्हा बघेलच.

३० नोव्हेंबर, शनिवार

विजयाचा दिवस.

येसूला माहेरी जायचं होतं. तिला मोटार लागते, पोटात ढवळतं, म्हणून मागच्या सीटवर आडवी झाली आणि तोंडावरून घोंगडी घेतली. सीटमध्ये साहेबाचे ढेकूण निघाले आहेत, म्हणून आईने आत कडुनिंबाच्या डहाळ्या पसरल्या होत्या. मी तोंडाला फडकं बांधून निघालो.

काय सांगू! रस्ता आपोआप मोकळा. बैलगाड्या शेतात उतरल्या. सायकलवाला सायकल टाकून झाडामागे गेला. पळसदरीत बायकांनी पोरांना ओढून घरात घेतलं आणि दारं लावली. एक पोलीस उभा होता तोही मागे सरून भिंतीला चिकटला. पोलीस! वेशीपाशी एका म्हातारीने वाटेत दहीभात ठेवून, हात जोडून, मोटार गेल्यावर मागे पाणी ओतलं. असा मान मामलेदाराला मिळत नाही.

मागे लॉरी आली होती. पाटी वाचताच इतकी लांब राहिली की दिसेनाशी झाली.

मोटार घेतल्यापासून आज पहिल्यांदा छातीत धडधडलं नाही. आधी धडधडत होतं असं नाही.

येसू घोंगडीतून म्हणाली, "अवो, एवढं शांत कसं? कुनाचा आवाज नाय?"

मी म्हणालो, शास्त्र.

३ डिसेंबर, मंगळवार

गिरणीवर भाताच्या गाड्या नाहीत. हंगाम लांबला वाटतं. शेजारच्या गावातल्या गिरणीत रांग आहे म्हणे, पण लोक ऐकीव सांगतात.

न्हावी आला नाही. कमळ्या येतो, पण ओट्यावर चढत नाही. अंगणातूनच बोलतो. मी म्हटलं, वर ये. म्हणाला, "इथंच बरं हाय, शेट." खिशात लिंबू घेऊन फिरतो. त्याचं डोकं हल्ली बरं नसावं.

दुपारी देवी टोचणारा आला. कुंपणाबाहेर उभा राहून त्याने घरात माणसं किती, ताप कोणाला, असं विचारलं. सरकारचं खातं अलीकडे घरोघर फिरतं आहे, चांगली गोष्ट. मी सांगितलं, सगळे ठणठणीत, फक्त बायको मोटारीत आडवी असते. त्याने लिहून घेतलं आणि चालता झाला.

५ डिसेंबर, गुरुवार

रविवारी सुपारी फुटणार! सुंदराचं ठरलं. खालापूरच्या विठू पाटलांचा मुलगा, खोपोलीच्या पावरहाउसात कामाला. माणसं तालेवार, मुलगा निर्व्यसनी. दिवाळीआधी येऊन मुलगी बघून गेले तेव्हा पाटलीणबाईंनी सुंदराला दोनदा जवळ ओढून घेतलं होतं.

सुंदरा काही बोलत नाही, पण काल कोंबड्यांना दाणे टाकताना गुणगुणत होती. मी ऐकत राहिलो, मग खाकरलो, मग ती थांबली. खाकरायला नको होतं.

पाटील येतील तेव्हा मोटार अंगणात अशी लावायची की पाटी समोरून दिसावी. व्याह्यांना कळू दे किती सुरक्षित घर आहे.

८ डिसेंबर, रविवार

आले नाहीत.

वडे झाले होते, घारगे झाले होते. आईने नवी सतरंजी घातली. शेजारपाजार्‍यांना आवतण होतं, तेही कोणी नाही. सुंदरा हिरवं लुगडं नेसून मधल्या खोलीत बसली होती. प्रत्येक बैलगाडीच्या आवाजाला येसू दारात जायची आणि परत यायची.

ऊन कलल्यावर सुंदरा उठली, लुगडं बदलून आली आणि भांडी घासायला बसली.

कमळ्याला खालापूरला पाठवलं. तो परत आला आणि अंगणातच उभा राहिला. येसूने दटावल्यावर बोलला.

"खालापुरात सांगतात, चांगोशेटच्या घरात देवी आली. शेटीन मोटारीत घोंगडीखाली पडलेली लोकांनी डोल्यांनी बगितली. कडुनिंब व्हता, लाल झेंडा व्हता. पाटी व्हती."

येसू माझ्याकडे बघत राहिली. आई म्हणाली, "चांग्या, ती पाटी कसली रं?" आईला वाचता येत नाही.

मी म्हणालो, लोकांचा अडाणीपणा. वडे कमळ्याला दिले. त्याने घेतले, लांबून.

९ डिसेंबर, सोमवार, सकाळी

सगळं सोपं आहे. पाटी खरवडली, झेंडा काढला. सुंदरा आणि येसूला मोटारीत बसवून स्वतः खालापूरला जातो. पाटलांना दोघींचे चेहरे उजेडात दाखवले की काम झालं. जेवायच्या वेळेला परत.

येसू म्हणते, जैतू उद्या येतोय, तो नेईल. मी म्हटलं, हा इभ्रतीचा प्रश्न आहे, इथे बापच हवा. खोपोलीची सडक मला पाठ आहे. खोपोलीपासून पुढे मुंबई-पुण्याच्या लॉर्‍या असतात, घाटातून सुटलेल्या. असू देत. जागा राखली की झालं.

हात सकाळपासून गार आहेत. डिसेंबर आहे.

९ डिसेंबर, संध्याकाळी

लिहितो. लिहिलं की बरं वाटेल.

पाटी काढली तरी मोटार लोकांनी ओळखली. वाटेत कोणी जवळ आलं नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

पळसदरीच्या पुढे सडक रूळ ओलांडते. तिथे फाटक नाही, नुसता खांब आहे. माझ्यापुढे एक बैलगाडी होती. ती रुळांपलीकडे गेली आणि तिथे थांबली. बैलाचं जोतं सुटलं होतं, गाडीवान उतरून ते घालत होता. मी शास्त्राप्रमाणे तिच्या मागे भरपूर जागा सोडून थांबलो.

येसू म्हणाली, "अवो, आपन रुलावर हाव."

बरोबर होतं. पुढची जागा मी राखली होती. आपण कुठे उभे आहोत ते बघितलं नव्हतं.

घाईने गिअर टाकला, इंजिन बंद पडलं. हँडल मारायला उतरायला हवं होतं. त्याच वेळी शिट्टी ऐकू आली. खोपोलीहून कर्जतला येणारी गाडी. वळणामागून धूर वर येताना दिसला.

मी ओरडलो. सडकेच्या कडेला माणसं होती. भारेवाल्या बायका, दोन हमाल, एक मास्तर छत्री घेतलेला. मी ओरडलो, या, ढकला. ते सगळे मागे सरले. पायाखाली साप निघाल्यासारखे सरले. कोणीतरी म्हणालं, देवीची मोटार. मोटारीभोवती मोठं रिंगण झालं, मोकळं, चारी बाजूंनी सारखं. एवढी जागा मला आजवर कधी मिळाली नव्हती.

मागचं दार उघडलं. सुंदरा उतरली. तिने आईला हात धरून खाली ओढलं, तिला रुळांपलीकडे लोटलं आणि स्वतः परत मोटारीमागे गेली. लुगडं खोचलं आणि ढकलायला लागली. मोटार जराशी हलली आणि पुन्हा जागेवर आली. मला आरशात तिचं कपाळ दिसत होतं, काचेला टेकलेलं.

येसू किंचाळत होती, "पोरी, सोड, सोड गं ती मोटार!" सुंदरा म्हणाली, "बाबा आत हाईत."

तेव्हा पुढचा गाडीवान बैल सोडून धावत आला. तोंडभर देवीचे वण. त्याने धावता धावता लोकांना शिवी हासडली आणि म्हणाला, "मला येऊन गेली हाय देवी, मला काय व्हतंय!" त्याने मोटारीला खांदा लावला. मग येसूही परत आली. तिघांनी ढकललं. मागचं चाक रुळावरून धपकन खाली आलं. इंजिनाचा वारा अंगावरून गेला. मोटार थरथरली. डबे किती होते ठाऊक नाही, संपतच नव्हते.

मी सुकाणू धरून होतो. कोणीतरी धरायलाच हवं.

त्या माणसाचं नाव नागू. खालापूरच्या अलीकडच्या वाडीतला. त्याने माझी बोटं एकेक करून सुकाणूवरून सोडवली. जनावराला सोडवतात तशी, हळू. म्हणाला, "गेली गाडी, शेट. गेली."

पुढे खालापूरला कोण गेलं? येसू आणि सुंदरा गेल्या. नागूच्या बैलगाडीत. मी मोटारीपाशी थांबलो, कारण मोटार एकटी सोडणं बरोबर नव्हतं. मोटार तिथून कोणी नेली नसती, हे खरं.

१० डिसेंबर, मंगळवार

जैतू आला आणि मोटार घरी घेऊन आला.

खालापूरची हकीकत येसूने सांगितली, मला नव्हे, आईला. मी पडवीत होतो. नागूने पाटलांच्या दारातच सगळं सांगून टाकलं. पाटलीणबाईंनी सुंदराला ओसरीवर उन्हात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून बघितला. मग तळहात बघितले. मोटारीच्या पत्र्याने दोन्ही सोलले होते. त्यांनी आत नेऊन हळद लावली. विठू पाटील म्हणाले, "पोरगी आमची. सुपारी तिकडं येऊन फोडू, न्हाय तर लोकांना वाटंल, भ्यालो."

काम झालं. मी म्हणत होतोच की चेहरे दाखवले की काम होईल.

संध्याकाळी सुंदराने पाणी आणून दिलं. तांब्या दोन्ही मनगटांत धरून. मी घोट घेतला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तुमी उतरलात का नाय?"

रागाने विचारत नव्हती. रागाने विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. तिला खरंच समजत नव्हतं आणि समजून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, दार अडकलं होतं.

ती म्हणाली, "बरं." आणि तांब्या घेऊन गेली.

१५ डिसेंबर, रविवार

सुपारी फुटली. पाटील आले, वीस-एक माणसं आली, ओट्यावर मावली नाहीत. कमळ्या वर चढला. न्हाव्याने आपणहून दाढी केली. गिरणीवर गाड्या आहेत. लग्न माघात.

मी पाटलांना म्हटलं, नवरीला मी स्वतः मोटारीतून खालापूरला पोचवीन. पाटील म्हणाले, "चांगोशेट, तुमी थकाल. नवरी जैतूशेटच्या लॉरीत येऊ द्या. तुमी मागून या."

मागून म्हणजे कशातून, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

२ जानेवारी १९४७, गुरुवार

नव्या सालाचा निश्चय. शास्त्र चूक नव्हतं, मी ते अर्धं वापरलं. थांबायच्या आधी आपण कुठे थांबतोय ते बघायचं, रूळ, मोरी, वळण. मागच्याला वेळेत हात दाखवायचा. जागा किती सोडायची ते रस्ता बघून ठरवायचं. सगळं लख्ख कळलं आहे. लग्नाआधी कर्जत-खोपोली रोज एक फेरी. माघापर्यंत हात असा बसेल की पाटील स्वतः म्हणतील, चांगोशेट, तुम्हीच आणा.

उद्यापासून.

३ जानेवारी, शुक्रवार

पाहुणे.

४ जानेवारी, शनिवार

इंजिन गार होतं.

९ जानेवारी, गुरुवार

मोटार गिरणीच्या छपरीतून अंगणात आणली. अंगणातून परत छपरीत नेली. चारी बाजूंना जागा उत्तम राखली. सुरुवात महत्त्वाची.

२१ जानेवारी, मंगळवार

रोजच्या फेर्‍या पेट्रोलच्या कुपनांमुळे तहकूब. लढाई संपली तरी सरकार पेट्रोल सोडत नाही, त्याला मी काय करणार. टाकी निम्मी भरलेली आहे, पण ती अडीअडचणीला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लग्न पार पडलं. सुंदरा जैतूच्या लॉरीत पुढे बसून गेली. वळणावर लॉरी दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात बाहेर होता. येसू रडली. आई रडली. जैतूसुद्धा डोळे पुसत चालवत होता, हे धोक्याचं आहे, त्याला सांगायला हवं.

मी मागून गेलो नाही. मोटारीचा टायर बसला होता. बसल्यासारखा दिसत होता.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी गिरणी बंद होती. मोटारीत जाऊन बसलो. पुसून ठेवली होती कोणीतरी, कमळ्याने असेल. दोन्ही हात सुकाणूवर ठेवले. समोर छपरीची भिंत.

थोड्या वेळाने आई आली, काठी टेकत. मागचं दार उघडून आत बसली. म्हणाली, "चल रं, चांग्या. पोरीला भेटून येऊ."

मी म्हणालो, आई, पुढे भिंत आहे.

"मग मागं घे."

मागे कोंबड्या आहेत.

आई तशीच बसून राहिली. मला वाटलं झोप लागली. मग पुढे वाकून तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "हात कापतात का रं तुझे?"

मी म्हणालो, इंजिनामुळे.

इंजिन बंद होतं. आईने हात काढला नाही.